तोंडाला लागलेली प्रत्येक वस्तू

पिंगळे सरांची लाळ मी पहिल्यांदा हातात घेतली ती १९५४च्या मार्चमध्ये, आणि खोटं कशाला बोलू, मला किळस आली. पुढे चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, माणसाच्या अंगातून बाहेर पडणारं जे जे म्हणून असतं ते सगळं पाहिलं आणि हाताळलं. पण ती टेस्ट ट्यूब आणि तिच्यातली आमच्या सरांची पातळ केलेली थुंकी काही विसरता आली नाही. विसरायचीही नाही, कारण मी डॉक्टर झाले ती तिच्यामुळे.

तेव्हा इंदूरचं मेडिकल कॉलेज नवंच होतं. बायोकेमिस्ट्रीला स्वतःचं खातं नव्हतं. फिजिऑलॉजीच्या पोटातच तिची एक लांबट प्रयोगशाळा होती आणि तिथे डॉ. दिनानाथ पिंगळे यांचं राज्य होतं. संस्थानं गेली, मध्य भारत आला, पण पिंगळे सरांचं राज्य कुणाला विलीन करता आलं नव्हतं. शिकवायचे मात्र असे की ऐकत राहावं. खाल्लेला घास रक्तापर्यंत कसा पोचतो हे सांगताना ते स्वतःच तो घास व्हायचे. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि वाटेत एखादा पाचक रस भेटला की थांबून त्याची विचारपूस करायचे. आम्ही खुळ्यासारखे बघत बसायचो.

प्रयोगाच्या तासाला हाच माणूस बदलायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पुस्तकात आहे तेच नळीत येतं. येत नसेल तर तुमचा हात चुकला." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की चिंतामण बर्वे नावाचा आमच्यातला एक वात्रट मुलगा त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, चष्मा पुसण्यासकट.

माझ्या वाट्याला हे वाक्य जरा जास्तच आलं होतं. दिवाळीआधीच्या कॉलेजच्या परीक्षेत ओळखायला दिलेल्या द्रावणात मी ग्लुकोज शोधून काढलं. निळं औषध घालून तापवल्यावर नळी विटकरी लाल झाली, आता यात चुकण्यासारखं काय असतं? द्रावण निघालं नुसत्या मिठाचं. झालं होतं असं की सकाळी निघताना मी उभ्या उभ्या एक सीताफळ खाल्लं होतं आणि हात पदराला पुसून तशीच पळत सुटले होते. सरांनी सगळ्या वर्गादेखत माझी बोटं धुवायला लावून ते पाणी तपासलं. नळी लाल झाली. वर्ग हसला, मीही हसले, आणि सरांनी मला नापास केलं.

हसणं तिथेच संपलं, कारण निकालाचा कागद ग्वाल्हेरला नानांकडे गेला. नाना म्हणजे माझे वडील. होळकरशाहीत हुजूर कचेरीत होते, आता मध्य भारत सरकारात. हे सरकार दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचं. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. फायली, टाइपरायटर आणि नाना सगळे एकदम जायचे आणि एकदम परत यायचे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे नाना नसले की बडा गणपतीजवळच्या आमच्या घरात मी आणि अंबिकाआत्या एवढ्याच. नानांचं उत्तर कचेरीच्या भाषेत आलं. मार्चच्या विद्यापीठाच्या परीक्षेत एका जरी विषयात गेलीस, तर डॉक्टरकी पुरे. जुलैपासून ग्वाल्हेरला इंदिरामावशीकडे राहून बी.ए. करावं. त्या दृष्टीने ट्रंक माळ्यावरून काढून ठेवावी.

आत्याने ट्रंक खरंच काढली आणि माझ्या खोलीत खिडकीखाली ठेवली. तिच्यावर बसून मी हिवाळाभर अभ्यास केला. मला नानांचा राग नव्हता आला असं नाही. चांगला आला होता. बी.ए. करणाऱ्या बायका काही वाईट नसतात, पण मला घास व्हायचं होतं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं होतं. हे नानांना पत्रात कसं लिहिणार?

आता गंगूबाईंबद्दल सांगायला हवं. गंगूबाई प्रयोगशाळेतल्या काचा धुवायच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्या इथे लागल्या. अक्षरओळख नव्हती, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर हे त्यांना सरांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. आदल्या वर्षी आमच्यातल्या तिघांना विषमज्वर झाला. त्या काळी पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, सरळ तोंडात धरून ओढायची पद्धत होती, आणि एकच पिपेट दहा तोंडांत फिरायचं. आत्याला हे कळलं असतं तर तिने मला अंगणातच आंघोळ घातली असती. तापाचं मूळ पिपेटात आहे असं सरांनी ठरवलं आणि मोरीवर एक पाटी लावली: 'तोंडाला लागलेली प्रत्येक वस्तू वीस मिनिटे उकळल्याखेरीज विद्यार्थ्यांस देऊ नये.' खाली सही. गंगूबाईंना सरांनी ती वाचून दाखवली, आणि त्यांना ती पाठ झाली. उष्टं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उलट कॉलेजातल्या शिकलेल्या लोकांना हे इतक्या उशिरा कळलं याचंच त्यांना नवल वाटलं असावं. त्या दिवसापासून एक पिपेट काही कच्चं सुटलं नाही.

आणि आता लाळ. लाळेने स्टार्च पचतं, हा आमचा ठरलेला प्रयोग. स्टार्चची पेज करायची, तिच्यात लाळ घालायची, नळी कोमट पाण्यात ठेवायची. दर मिनिटाला एक थेंब काढून चिनीमातीच्या छोट्या पांढऱ्या फरशीवरच्या आयोडीनमध्ये टाकायचा. आधी गर्द निळा रंग येतो, मग जांभळा, मग तांबूस, आणि पाच-सहा मिनिटांत रंग येतच नाही. स्टार्च संपलं, त्याची साखर झाली. वर्षभर ज्याने त्याने आपापली लाळ वापरायची. परीक्षेत मात्र पंचाईत व्हायची, कारण भीतीने सगळ्यांची तोंडं कोरडी पडायची. म्हणून परीक्षेच्या सकाळी सर स्वतः खोलीचं दार लावून मेणाचा तुकडा चघळत बसायचे आणि अर्धा बीकर भरून बाहेर यायचे. ती लाळ दहापट पाणी घालून ते स्वतःच सगळ्यांना वाटायचे. चिंतामण तिला तीर्थ म्हणायचा.

परीक्षेच्या दिवशी आग्र्याहून आलेले परीक्षक ठरल्या वेळेच्या तासभर आधीच टांग्यातून उतरले. म्हातारे, किडकिडीत, फार कमी बोलणारे. सरांची धांदल उडाली. बीकर गंगूबाईंच्या टेबलावर ठेवून, पाणी घालून प्रत्येकाला थोडं थोडं द्या, एवढं सांगून ते पाहुण्यांना घ्यायला धावले. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही बारा जण आपापल्या जागी उभे होतो. प्रत्येकासमोर फरशी, आयोडीन, पेज आणि ती टेस्ट ट्यूब. मी हात साबणाने तीनदा धुतले होते, आणि सकाळपासून फळाकडे बघितलंही नव्हतं.

पहिलं मिनिट, निळा. दुसरं, निळा. सहाव्या मिनिटाला निळा, दहाव्याला, विसाव्याला, तिसाव्यालाही तसाच निळा. शाईचा थेंब पडावा तसा गर्द. डोक्यात एकच वाक्य वाजायला लागलं, की माझा हात चुकला. मी शेजारी पाहिलं. चिंतामणच्या फरशीवर निळ्या थेंबांची रांग होती. पलीकडच्या उषाच्या फरशीवरही. माझं पाहून होईस्तोवर चिंतामणने फरशी पुसून टाकली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे न बघता कुजबुजला, "सहा लिहून टाक नं. सगळे सहाच लिहून राहिलेत. फालतू लफड्यात कशाला पडते?"

मी पेन उचललं. त्याचा सल्ला मूर्खपणाचा होता असं मी आज म्हणणार नाही. पुस्तकात सहा, सरांच्या तोंडी सहा, मागच्या पाच वर्षांच्या वह्यांत सहा. सहा लिहिलं की पास, आणि ट्रंक माळ्यावर. निळा लिहिला की पुन्हा सीताफळ. मी सहाचा आकडा काढायला सुरुवातही केली होती. पण फरशीवर ते तीस निळे ठिपके माझ्याकडे बघत होते, आणि मला एकदम संताप आला. दिवाळीत माझ्या हाताची चूक होती ती मी कबूल केली होती. आज माझा हात स्वच्छ होता. मग मी खोटं का लिहायचं?

पण रागाने काही सिद्ध होत नाही हेही सरांनीच शिकवलेलं. चूक माझी की पेजेची, आयोडीनची की लाळेची? एक एक तपासायला हवं होतं. पेज तीच, आयोडीन तेच, पाणी तेच, हात तोच ठेवायचा आणि फक्त लाळ बदलायची. माझी घ्यायची. मी नवी टेस्ट ट्यूब घेतली, सगळ्यांकडे पाठ केली, तोंडापुढे रुमाल धरला.

थेंब निघेना. जीभ टाळूला चिकटली होती. परीक्षक कोपऱ्यात बसलेले, घड्याळात चाळीस मिनिटं उरलेली, आणि माझ्या तोंडात राजस्थानचं वाळवंट. मग मी डोळे मिटले आणि आत्याला आठवलं. आत्या कैऱ्या चिरते आहे. पहिल्या, हिरव्या, कोवळ्या कैऱ्या. तिने एक फोड मिठात बुडवून, लाल तिखट लावून माझ्यापुढे धरली आहे, आणि दाताखाली कच्चकन् आवाज झाला आहे. डोळे उघडले तेव्हा नळीत बोटभर लाळ होती. मी तिच्यात मोजून दहापट पाणी घातलं.

पहिलं मिनिट निळा. दुसरं जांभळा. तिसरं तांबूस. चौथ्याला आयोडीनचा नुसता पिवळा रंग राहिला. मला नाचावंसं वाटलं. आज या वयात सांगते, लग्नात हार घालतानाही मला इतका आनंद झाला नव्हता. आणि मग कळलं, की हे खरं असेल तर सरांच्या लाळेत दम नाही असं मला लिहावं लागणार, आणि तेही सरांनाच. मी दोन्ही नळ्यांचे आकडे लिहिले. खाली निष्कर्ष लिहिला: 'दिलेली लाळ निष्क्रिय आहे. ती उकळली गेली असावी.' उकळल्याने पाचक रस मरतो हेही त्यांच्याच वर्गात ऐकलेलं होतं.

वह्या सरांच्या टेबलावर गेल्या. सर एकेक वाचून परीक्षकांपुढे सरकवत होते. सहा. साडेपाच. सहा. चिंतामणने सव्वासहा लिहिलं होतं, जरा खरं वाटावं म्हणून. अकरा वह्या झाल्या आणि सर माझी वाचू लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि मला पुढे बोलावलं.

मिस दिघे, ते म्हणाले, दिवाळीत तुम्ही मिठात साखर काढलीत. आज अकरा जणांना सहा मिनिटं लागली आणि एकट्या तुम्हाला तीस मिनिटांत काही दिसलं नाही. आणि म्हणे लाळ मेलेली आहे. माझी लाळ. मी फक्त एवढंच म्हणाले, की दोन्ही फरश्या मी पुसलेल्या नाहीत, सरांनी बघाव्यात. मान खाली घातली नाही.

सरांच्या आधी परीक्षक उठले. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी निळ्या थेंबांची रांग पाहिली, मग शेजारची चार थेंबांची. बीकरमधली उरलेली लाळ घेऊन त्यांनी स्वतः प्रयोग लावला. आम्ही सगळे उभे. दहा मिनिटं त्यांनी दर मिनिटाला एक थेंब टाकला. थेंब निळाच राहिला. मग ते मोरीपाशी गेले, पाटीसमोर थांबले, सरांकडून तिचा अर्थ हिंदीत विचारून घेतला, आणि गंगूबाईंना बोलावून विचारलं की बीकरचं काय केलं.

गंगूबाई पदर सावरून म्हणाल्या, "काय केलं म्हणजे? सरजींच्या तोंडातून आलं न ते? पूरी बीस मिनिट उकळलं. तशीच उष्टी लाळ लेकरांना कशी देईन?"

कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. सर पाटीकडे बघत राहिले, खालच्या स्वतःच्या सहीकडे. मग वळून ते गंगूबाईंना म्हणाले की तुमचं बरोबर आहे, तुम्ही सांगितलं तेच केलंत. नंतर माझ्याकडे वळले. या माणसाने सबंध वर्षभर जे वाक्य आमच्या डोक्यात घातलं होतं, ते त्याने त्या दिवशी सगळ्यांसमोर, परक्या परीक्षकासमोर, असं म्हटलं:

"मिस दिघे, तुमच्या नळीत आलं तेच खरं. आज माझा हात चुकला."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि त्याच क्षणी माझ्या मागचे अकरा जण जमिनीकडे बघायला लागले, कारण मेलेल्या लाळेने सहा मिनिटांत स्टार्च पचवलेले महाभाग तेच होते. परीक्षकांनी त्यांच्या वह्यांवर काहीच लिहिलं नाही. वह्या नुसत्या परत दिल्या आणि शांतपणे म्हणाले, "फिर से कीजिए. इस बार अपनी लार से, और जो दिखे वही लिखिए."

झालं. अकरा नळ्या अकरा ओठांना लागल्या, आणि थेंब कुणाचाच निघेना. आधी परीक्षेची भीती होती, आता तिच्यावर लाज चढली होती. चिंतामण गालफडं आत ओढून मासोळीसारखा उभा होता. पाच मिनिटं गेली. मग पिंगळे सर टेबलापुढे आले, हात मागे बांधले आणि वर्गात शिकवायचे तसे बोलायला लागले. कैरी, ते म्हणाले, हिरवीगार, झाडावरून आत्ता काढलेली. चीक पुसला. चिरली. आता तिला मीठ लावायचं. त्यांनी बोटांनी मीठ लावलं. टेबलाच्या त्या टोकाकडे निघाले, वाटेत चिंचेपाशी थांबले, तिची चौकशी केली. लिंबू पिळलं. मोरीजवळून गंगूबाईंनी हिंगाची फोडणी आधी गार होऊ द्यायची अशी दुरुस्ती सुचवली आणि सरांनी ती मान्य केली. आग्र्याचे परीक्षक आवंढा गिळून म्हणाले की आमच्याकडे याच्यात सौंफ घालतात. ती घालावी की नाही यावर दोघांचा वाद जुंपला, आणि तो ऐकता ऐकता अकराही नळ्या भरल्या. उषाची तर ओसंडली.

त्या दिवशी फरश्यांवर जांभळा, तांबूस, पिवळा असे सगळे रंग आले. कुणाला तीन मिनिटं लागली, कुणाला नऊ. सहा एकालाही लागली नाहीत. चिंतामणने साडेआठ लिहिले आणि खाली न सांगता लिहिलं की आधीचा आकडा आपण मनाने घातला होता. तो पुढे मोठा सर्जन झाला. अजून भेटला की मला कैरी म्हणतो.

पाटी तिथेच राहिली. फक्त जुलैत आम्ही वरच्या वर्गात गेलो तेव्हा सहीच्या वर दोन शब्द वाढलेले दिसले: 'लाळ वगळून'. आणि हात चुकल्याचं ते वाक्य काही पुन्हा ऐकू आलं नाही. कुणाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, की सर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायचे आणि म्हणायचे, बघू, काय दिसलं?

एप्रिलात सरकार इंदूरला आलं, त्याबरोबर नानाही. निकाल मेमध्ये लागला. नानांनी वर्तमानपत्रातली यादी दोनदा वाचली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि परीक्षेत काय झालं ते मला पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं, लाळेसकट. आत्या मध्येच उठून हात धुऊन आली. तीस वर्षं नानांनी वरून आलेल्या मसुद्यावर सह्या केल्या होत्या, त्यात किती ठिकाणी सहा लिहिलं असेल कुणास ठाऊक. मग ते उठले, माझ्या खोलीत गेले, ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि शिडी लावून माळ्यावर ठेवून आले.

खाली उतरून हात झटकत त्यांनी विचारलं, "सगळे सहा लिहीत होते, तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," मी म्हटलं. "म्हणून तर कैरी आठवावी लागली."